गॉस्पेल संगीत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती समाजाच्या उपासनेतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित झालेला भक्तिपर गीतप्रकार. ‘गॉस्पेल’ या शब्दाचा अर्थ ‘शुभवर्तमान’. ईश्वराची कृपा, पापमुक्ती, संकटकाळी त्याचा आधार आणि मृत्यूनंतरचे शाश्वत घर हे या गीतांचे प्रमुख विषय होत. गौरवर्णीयांचीही स्वतंत्र गॉस्पेल-परंपरा आहे. येथे मात्र कृष्णवर्णीयांच्या परंपरेचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : गुलामगिरीच्या काळातील ‘स्पिरिच्युअल’ नावाची समूहगीते हा या संगीताचा एक मूलस्रोत होय. नॅशव्हिल येथील ‘फिस्क जुबिली सिंगर्स’ या गायकवृंदाने १८७१ पासून दौरे काढून ती सर्वत्र पोहोचविली. दुसरा स्रोत यूरोपीय स्तोत्रगीतांचा. ‘अमेझिंग ग्रेस’ हे १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेले स्तोत्र जॉन न्यूटन (१७२५–१८०७) या इंग्रज धर्मोपदेशकाचे. पूर्वायुष्यात तो गुलामवाहू जहाजाचा कप्तान होता; पुढे त्याने या व्यापाराविरुद्ध लेखन केले. त्याचेच स्तोत्र गुलामांच्या वंशजांनी आपलेसे केले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

स्वरूप : मुख्य गायकाने ओळ म्हणावयाची व वृंदाने तिला प्रतिसाद द्यावयाचा, ही या गायनाची मुख्य पद्धती. कीर्तनात टाळकरी धृपद झेलतात, तिच्याशी तिचे साम्य आहे. एकच शब्द निरनिराळ्या स्वरांनी आळवणे, टाळ्यांचा ठेका आणि क्रमाक्रमाने चढत जाणारी भावावस्था ही तिची अन्य वैशिष्ट्ये. पियानो किंवा ऑर्गन यांची साथ सामान्यतः असते.

विकास : टॉमस ए. डॉर्सी (१८९९–१९९३) यास गॉस्पेल संगीताचा जनक मानतात. धर्मोपदेशकाचा हा मुलगा ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज गीतांचा वादक व रचनाकार म्हणून ख्यातनाम होता. ब्लूजची चाल व लय त्याने भक्तिगीतांत आणली, तेव्हा अनेक चर्चनी ती मद्यगृहातील म्हणून नाकारली. १९३२ मध्ये पत्नी बाळंतपणात मरण पावली. पाठोपाठ नवजात मुलगाही गेला. या शोकातून त्याने ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गीत रचले. त्याची चालही एका जुन्या स्तोत्राच्या चालीवर आधारलेली आहे. पुढे शिकागोच्या पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्याने दीर्घकाळ गायकवृंदाचे संचालन केले.

धार्मिक व लौकिक : चाल लौकिक असली, तर गीत पवित्र राहते काय, हा वाद पुढेही चालू राहिला. महेलिया जॅक्सन (१९११–७२) हिने ब्लूज गाण्यास आयुष्यभर नकार दिला. सिस्टर रोझेटा थार्प (१९१५–७३) हिने मात्र १९३८ पासून रात्रमंडळांतही गिटारवर भक्तिगीते गाऊन सनातनी श्रोत्यांचा रोष ओढवून घेतला. ‘सोल स्टरर्स’ या वृंदाचा गायक सॅम कुक (१९३१–६४) याने ईश्वरस्तुतिपर ‘वंडरफुल’ या गीताचे शब्द बदलून ‘लव्हेबल’ हे प्रेमगीत केले व भक्त श्रोते दुरावू नयेत म्हणून ते टोपणनावाने प्रसिद्ध केले. रे चार्ल्सच्या ‘आय गॉट अ वूमन’ (१९५४) या गीतालाही एका गॉस्पेल गीताचा आधार होता. अशा देवघेवीतून ‘सोल’ संगीत उदयास आले. उलट दिशेने, लौकिक संगीतात कीर्ती मिळविलेल्या अरीथा फ्रँक्लिन (१९४२–२०१८) हिने १९७२ मध्ये लॉस अँजेल्स येथील चर्चमध्ये ‘अमेझिंग ग्रेस’ हा गीतसंच ध्वनिमुद्रित केला.

सामाजिक महत्त्व : नागरी हक्कांच्या चळवळीत या गीतांनी मोठा आधार दिला. २८ ऑगस्ट १९६३ रोजीच्या वॉशिंग्टन येथील मोर्च्यात महेलिया जॅक्सन गायली. मार्टिन ल्यूथर किंग यास डॉर्सीचे उपर्युक्त गीत विशेष प्रिय होते. १९६८ मध्ये त्याच्या अंत्यविधीच्या वेळी तिने तेच म्हटले. चर्चनी एके काळी दूर सारलेली गायनशैली अशा रीतीने एका समाजाच्या दुःखाची व श्रद्धेची वाणी ठरली. गीताचे पावित्र्य चालीच्या उगमावर नव्हे, तर ते कोणास उद्देशून व कोणत्या भावाने गायिले जाते यावर अवलंबून असते, हेच या इतिहासावरून दिसून येते.