तट, कोट आणि गांवकुसूं

इंग्रजींतील ‘वॉल’ हा शब्द लॅटिन ‘वॅलम्’वरून आला, ‘वॅलम्’ म्हणजे मेढी रोवून केलेला बांध. ‘फेन्स’ हें ‘डिफेन्स’चें आखूड रूप होय. दोहोंच्याही मुळाशीं संरक्षणाची कल्पना आहे. मराठींतील याच वर्गाच्या तीन शब्दांचा विचार सातारा व सांगली प्रांतांतील उदाहरणांनीं करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संस्कृतांत ‘तट’ म्हणजे नदीचा कांठ वा उतार. मराठींत त्यास किल्ल्याची भिंत हा अर्थ आला, आणि पक्ष वा फळी असाही. मिरजेच्या पटवर्धनांत चुलत्यापुतण्यांचे तट पडले, तेव्हां १८०१ मध्यें चिंतामणराव आप्पासाहेब सांगलीस निराळे झाले व त्यांनीं तेथें गणेशदुर्ग बांधिला. एका अर्थाच्या तटांतून दुसऱ्या अर्थाचा तट उभा राहिला तो असा!

‘कोट’ हा संस्कृत ‘कोट्ट’ व कन्नड ‘कोटे’ यांचा सोयरा. भिंत आणि भिंतीच्या आंतील वस्ती हे दोन्ही अर्थ त्यांत येतात. कऱ्हाडचा पंताचा कोट याचें उदाहरण होय.

‘कुसूं’ म्हणजे गांवाभोंवतींची भिंत. हा शब्द कित्येक वाचक ‘कूस’ (कुक्षि) याशीं एक मानतात. परंतु ‘कूस’ स्त्रीलिंगी असून तिचें सामान्यरूप ‘कुशी’ होतें. ‘कुसूं’ नपुंसकलिंगी असून त्याचें ‘कुसा’ होतें. आईच्या कुशींत आणि गांवाच्या कुसाबाहेर हा भेद व्याकरणानेंच राखिला आहे.

व्यवहारानें तो अधिकच राखिला. अस्पृश्यांची वस्ती कुसाबाहेर असे. साताऱ्याच्या सरकारी शाळेंत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं भीमराव आंबेडकरांचें नांव दाखल झालें, तरी वर्गांत त्यांस वेगळें बसावें लागे. अण्णाभाऊ साठे १९२० मध्यें वाटेगांवच्या मांगवाड्यांत जन्मले. तो गांव तेव्हां सातारा जिल्ह्यांत होता, आज सांगलींत आहे.

सातारच्या किल्ल्याचा दगडी तट १७०० च्या एप्रिलांत मोंगलांच्या सुरुंगानें उडाला, व बाहेर कोसळून त्यांचींच माणसें त्याखालीं दडपलीं. कुसूं मात्र बहुधा मातीचें. तें पावसानेंच विरघळलें. राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें १९५० पासून अस्पृश्यता नष्ट ठरविली. तरीही ‘गांवकुसाबाहेरचा’ हा प्रयोग भाषेंत उभाच आहे. म्हणून कोशकारांनीं ‘गांवकुसूं’ या शब्दापुढें ‘गांवाची भिंत’ एवढाच अर्थ देऊन थांबूं नये. भिंतीबाहेर कोणास ठेविलें, हेंही सांगावें, अशी आमची विनंती आहे.