गाडी मिसिंग का मारते? दहावीच्या धड्यापासून इग्निशन कॉइलपर्यंत



दहावीला विद्युत चुंबकीय प्रवर्तन शिकवताना एखादं तरी पोरगं विचारतंच, "सर, हे रोज कुठं लागतं?" मागच्या पावसाळ्यात त्याचं उत्तर मला यवतेश्वरच्या घाटात मिळालं. साताऱ्याहून कासला निघालो होतो. सपाटीला गाडी ठीक, पण चढ लागला की झटके. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागला. मी तशीच रेटली, हे चुकलं. दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल पुढं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि तो भाग कॉइलपेक्षा कितीतरी महाग.

आता चढावरच का? बॅटरी १२ व्होल्टची. प्लगच्या जेमतेम एक मिलिमीटर फटीत ठिणगी पडायला मात्र हजारो व्होल्ट लागतात. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड तारेतला प्रवाह एकदम तोडला की चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेत वीस-तीस हजार व्होल्ट उभे राहतात. फॅरेडेनं १८३१ साली दाखवलं ते हेच तत्त्व. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला २५ ठिणग्या! (दोन फेऱ्यांना एक. मुलांना हे गणित घालून बघा.) चढावर सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त शिरतं, दाब वाढतो, आणि त्या दाबात ठिणगी पाडायला व्होल्टेजही जास्त लागतं. दुबळी कॉइल तिथंच मान टाकते. डिझेलवाल्यांना ही भानगडच नाही, तिथं ठिणगी नसते.

एका गॅरेजवाल्यानं झाकण न उघडताच सांगितलं, तिन्ही कॉइल बदला. मी सांगलीत गॅरेज चालवणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. रविवारी तो स्कॅनर घेऊन आला. "सर, आधी चोर तर सापडू दे." कोड आला पी ०३०२, म्हणजे दुसरा सिलिंडर. इंजिन बंद करून त्यानं पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलींची अदलाबदल केली. प्लगला हात लावला नाही. कोड पुसून चक्कर मारली, तर आता पी ०३०१! दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे चोर कॉइलच. दोष दुसऱ्यावरच राहिला असता तर आधी प्लग, मग वायरिंग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन असं बघावं लागलं असतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रयोगवहीत आपण दुसरं काय शिकवतो? मात्र प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तरच हे जमतं. आणि चालू इंजिनावर कॉइल उपसून बघू नका, धक्का जबर बसतो.

नवी घेताना 'दिसायला सारखीच आहे' यावर जाऊ नका. काही कॉइलींना दोन पिना, काहींना तीन-चार. कुठं प्रवाह तोडणारं सर्किट कॉइलमध्येच असतं, कुठं गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये. चासी नंबर देऊन पार्ट नंबर जुळवा. 'जादा पॉवर'च्या कॉइलचा साध्या गाडीला उपयोग नाही.

आम्ही कॉइल एकच बदलली. प्लग मात्र तिन्ही, कारण झिजून त्यांची फट वाढली होती आणि त्या फटीचा ताण कॉइलवरच येतो. सीएनजीवर प्लगकडे आणखी लक्ष द्या, त्या वायूला पेटवायला व्होल्टेज जास्त लागतं. उरलेल्या दोन कॉइल अजून चालू आहेत. निकामी झालेली शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवलीय, जुन्या प्लगांशेजारी.