ऑर्डर फॉर्म कच्चा, तर धंदा कच्चा!



नंदुरबारची लाल मिरची महाराष्ट्रभर माहीत आहे. समजा, तुम्ही मिरची पावडर ऑनलाइन विकायला काढली आणि पीएचपीमध्ये छोटी वेबसाइट केली. ग्राहक नाव, मोबाइल, पत्ता, पिनकोड आणि पाकिटं किती ते भरतो. मोबाइलचा एक आकडा राहिला, तर कुरिअरवाला फोन लावणार कोणाला? पार्सल परत, आणि दोन्ही बाजूंचं भाडं तुमच्या खिशातून! म्हणून या चार गोष्टी पक्क्या करा.

१) आधी निवडा, मग दळा

मिरची दळण्याआधी आपण देठ काढतो, खराब माल बाजूला करतो. फॉर्मचंही तसंच. 'ट्रिम' वापरून मागची-पुढची मोकळी जागा काढा. मोबाइलमधले स्पेस, डॅश आणि सुरुवातीचा +९१ काढा. कीबोर्ड मराठी असेल तर ग्राहक मराठी आकडे टाकू शकतो. त्याला परत पाठवू नका, कोडमध्येच ते इंग्रजी आकडे करून घ्या.

मग तपासा. मोबाइल १० आकडी, पहिला आकडा ६ ते ९. पिनकोड ६ आकडी, पहिला शून्य नको. उदाहरणार्थ, नंदुरबार ४२५४१२, शहादा ४२५४०९. दोन्ही टेक्स्ट म्हणून साठवा. मायएसक्यूएलच्या साध्या 'इंट' रकान्यात असा मोबाइल नंबर मावतच नाही.

२) मराठी नाव अडवू नका

'फक्त ए टू झेड' असा नियम लावला, की मराठीत नाव लिहिणारा ग्राहक गेलाच. लांबी मोजतानाही जपा. यूटीएफ-८ मध्ये 'नंदुरबार' हा शब्द 'एसटीआर-लेन'ने मोजला तर २४ येतात, कारण ते बाइट मोजतं. 'एमबी-एसटीआर-लेन' ८ सांगतं. मराठीसाठी हेच वापरा.

३) भाव फॉर्ममधून घेऊ नका

लपवलेल्या फील्डमधला भाव कोणीही बदलून पाठवू शकतो. ब्राउझरमधली तपासणी ग्राहकाच्या सोयीसाठी असते, ती टाळता येते. खरी तपासणी सर्व्हरवरच. फॉर्ममधून फक्त माल आणि नग घ्या, भाव आपल्या डेटाबेसमधून. नगासाठी 'फिल्टर-व्हार'मध्ये पूर्णांकाची अट घाला आणि मर्यादा द्या, समजा १ ते ५०. नाहीतर उणे ५ पाकिटांची ऑर्डर येईल आणि बिलही उणे होईल!

४) साठवताना आणि दाखवताना

ग्राहकाने लिहिलेलं थेट क्वेरीत जोडू नका, पीडीओचं प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा. नाहीतर कोणी पत्त्याच्या जागी कमांड लिहून डेटाबेसमध्ये घुसेल. पानावर दाखवताना 'एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स' लावा. जुन्या ट्यूटोरियलमधलं 'फिल्टर सॅनिटाइझ स्ट्रिंग' सोडा, पीएचपी ८.१ पासून (२०२१) ते कालबाह्य ठरवलं आहे.

आणि हो, चूक झाली तर नुसतं 'एरर' नको. 'मोबाइल नंबर १० आकडी हवा' असं त्या रकान्याखालीच मराठीत सांगा, बाकी भरलेलं तसंच ठेवा. सगळं पुन्हा भरायला लावलं, तर ग्राहक दुसऱ्या दुकानात जाईल.

आजचा गृहपाठ: आपल्याच फॉर्ममध्ये नावाच्या जागी फक्त स्पेस, मोबाइल मराठी आकड्यांत आणि नग उणे २ टाकून बघा. मोबाइल चालला आणि बाकी दोन अडले, तर फॉर्म दुकान उघडायला तयार!