वर्ग घुमतो तेव्हा : आवाज शोषणारं लाकूड आणि आपल्या शाळा



श्रुतलेखनाच्या वह्या तपासताना तुम्हीही हे पाहिलं असेल. 'पाठ'चं 'पाट', 'ताठ'चं 'ताट', आणि अशा चुका मागच्या बाकांवर जरा जास्तच. आपण लाल पेनानं शेरा मारतो, 'लक्ष देऊन ऐकणे'. पण मुलाच्या कानापर्यंत नेमकं काय पोहोचलं, हे आपण तपासतो का? काही वेळा दोष मुलाचा नसतो, खोलीचा असतो. तो कसा ओळखायचा आणि कमी कसा करायचा, ते आज समजून घेऊ.

निनाद म्हणजे काय?

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कडक, गुळगुळीत भिंतीवर आपटला की परत फिरतो. वेगळा ऐकू आला तर तो प्रतिध्वनी. पण छोट्या खोलीत तो इतक्या लवकर परततो की मूळ आवाजात मिसळतो आणि खोली घुमते. हा निनाद.

विजापूरच्या गोल घुमटाला आपण सहली नेतो. १६५६ च्या सुमाराच्या या इमारतीत एक टाळी अनेकदा परत ऐकू येते. मुलांना तिथं गंमत वाटते. पण त्या घुमटाखाली गणित शिकवून पाहा! प्लास्टरच्या भिंती, फरशी आणि स्लॅबचं छत असलेला आपला वर्ग म्हणजे त्याचाच लहान भाऊ.

घुमणाऱ्या खोलीत आधीच्या अक्षराची शेपूट पुढच्या अक्षरावर पडते. स्वर जोरकस असतात, ते टिकतात. व्यंजनं नाजूक असतात, ती झाकली जातात. मोठी माणसं संदर्भावरून शब्द जुळवून घेतात. पहिली-दुसरीच्या मुलाकडे तेवढा शब्दसाठा नसतो. आपल्या इचलकरंजीत कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुलंही आहेत. ज्यांच्या घरी मराठी बोलत नाहीत, त्यांना तर हे आणखी जड जातं. आणि शिक्षकानं आवाज चढवला की निनादही तेवढाच चढतो. घसा मात्र आपलाच बसतो.

गाद्यांचा प्रयोग

या शास्त्राची सुरुवातही एका वर्गातूनच झाली. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणाला कळेना. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकावर काम सोपवलं. ते रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवायचे, ऑर्गनची नळी वाजवायचे आणि आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचे. रिकाम्या खोलीत तो साडेपाच सेकंदांच्या आसपास टिकायचा. गाद्या वाढल्या तसा वेळ कमी झाला. त्यातून सूत्र मिळालं :

निनादकाल = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण

उघडी खिडकी आवाज परत पाठवत नाही, म्हणून तिचं शोषण १ धरतात. प्लास्टरच्या भिंतीचं जेमतेम ०.०३.

आता ८ × ६ मीटरचा, ३.५ मीटर उंच वर्ग घ्या. घनफळ १६८ घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून १९४ चौरस मीटर, म्हणजे शोषण सुमारे ६. दारं-खिडक्या बंद असलेल्या रिकाम्या वर्गात निनाद साडेचार सेकंदांच्या वर जातो. ४० मुलं बसली की तीच शोषक होतात आणि तो दीड सेकंदावर येतो. अमेरिकेतलं वर्गखोल्यांचं मानक मात्र ०.६ सेकंद आहे. हा हिशेब ढोबळ आहे, पण सातवी-आठवीच्या मुलांकडून जरूर करून घ्या.

लाकूड आवाज कसं शोषतं?

नुसती जाड, पॉलिश केलेली फळी आवाज फारसा शोषत नाही. सभागृहातल्या लाकडी पॅनेलकडे जवळून पाहा, त्यावर बारीक भोकं किंवा उभ्या चिरा दिसतील. मागे थोडी पोकळी आणि रॉकवूल किंवा ग्लासवूल असतं. आवाज भोकांतून आत जातो, तंतूंमध्ये घासतो आणि त्याची ऊर्जा अगदी किंचित उष्णतेत बदलते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती ठरावीक सुरात घुमते. पॅनेलचं भोक आणि मागची पोकळी तशीच वागतात आणि ठरावीक स्वर जास्त शोषतात. मागे पोकळी ठेवलेलं पातळ प्लायवूड स्वतः थरथरून खालचे स्वर खातं. खरं काम पोकळी आणि तंतू करतात. लाकूड त्यांना आधार देतं, टिकवतं, दिसायलाही छान असतं.

आपल्या वर्गाला ०.६ सेकंदावर आणायचं तर शोषण १८ वरून ४५ करावं लागेल. ०.७ शोषणाचं पॅनेल असेल तर सुमारे ३९ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सगळं छत.

मागांचा आवाज थांबेल का?

१९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत यंत्रमाग आणला आणि गावाची ओळख घडली. त्याची खटखट आपल्या अंगवळणी पडली आहे. पण शोषणं वेगळं आणि अडवणं वेगळं. शोषक पॅनेल खोलीतला निनाद कमी करतं. बाहेरचा आवाज अडवायला वजनदार भिंत आणि फटी बंद असलेली दारं-खिडक्या लागतात. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवून माग ऐकू यायचे थांबत नाहीत.

कमी खर्चात काय करता येईल?

१. रिकाम्या वर्गात एक टाळी वाजवा. ती घुमत राहिली, तर उपाय हवा.
२. मागच्या भिंतीवर जाड वाकळ लावा. भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा, शोषण वाढतं.
३. बाकांच्या पायांना रबरी टोप्या बसवा.
४. ज्यांना ऐकताना अडचण येते, त्यांना पुढे बसवा. तरीही अडचण दिसली तर कानांची तपासणी करून घ्या.
५. उघडा फोम लावू नका, तो झपाट्यानं पेटतो. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, ते आपण पाहिलं आहे. पॅनेल घेताना आगरोधक दर्जा आधी विचारा. वाकळही वायरिंगपासून लांब ठेवा.

शाळेत नवीन खोली बांधायचं ठरतं, तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीत रंग, फरशी, पंखे यांची चर्चा होते. पालकहो, तिथं एक प्रश्न तुम्हीही विचारा : शेवटच्या बाकावर 'पाठ' हा शब्द 'पाठ' असाच ऐकू येईल का?