गाविलगड कशाने पडला?

१८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धाचे नाव निघाले की लोकांना असई आठवते. पण त्या युद्धाची सुरुवात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली आहे. शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा मलकापुराजवळ उतरल्या असताना इंग्रज वकील कॉलिन्स ३ ऑगस्टला शिंद्यांची छावणी सोडून गेला, आणि युद्धास तोंड लागले. २३ सप्टेंबरला असई झाली. नोव्हेंबरात जनरल वेलस्ली राजूरला घाट उतरून वऱ्हाडात आला व २९ तारखेस त्याने आडगावी भोसल्यांची फौज मोडली. उरलेले पुष्कळसे शिपाई गाविलगडात शिरले. तेथे बेनीसिंग हा राजपूत किल्लेदार होता.

चिखलदऱ्याजवळचा हा गड दक्षिणेकडून सरळ तुटलेला आहे. त्याची कच्ची बाजू उत्तरेची. पण तिकडे तोफा न्यायच्या तर मेळघाटचे डोंगर ओलांडावे लागत. गडाचा खरा भरवसा भिंतींपेक्षा या डोंगरांवर होता. तो भरवसा कर्नल स्टीव्हन्सनच्या पलटणींनी मोडला. ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत त्यांनी सुमारे ३० मैल वाट स्वतः तयार केली आणि अवजड तोफा हातांनी ओढून गडाच्या उत्तरेस आणल्या. आम्ही कामगारांत वावरणारे लोक. आमची नजर प्रथम दोर ओढणाऱ्या हातांवर जाते. आणि त्यांतले बहुतेक हात कंपनीच्या पगारावरच्या हिंदी शिपायांचे होते!

१५ डिसेंबरला बाहेरच्या कोटाला पडलेल्या खिंडारातून इंग्रज आत आले. आतला कोट अजून शाबूत होता. पण एका तुकडीने शिड्या लावून भिंत चढली व आतून दरवाजा उघडला. लढाई संपल्यावर दरवाजापाशी पडलेल्या प्रेतांच्या राशीत बेनीसिंगाचा देह सापडला.

आता पुढची गोष्ट ऐका. गड लढत होता तेव्हा भोसल्यांचा वकील वेलस्लीशी तहाचे बोलत होता. १७ डिसेंबरला, म्हणजे अवघ्या दोन दिवसांनी, देवगावचा तह झाला. कटक प्रांत कंपनीला गेला, वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाला मिळाले; आणि गाविलगड? तो नरनाळ्यासह भोसल्यांकडेच राहिला! ज्या गडासाठी माणसे मेली, तो तहाच्या एका कलमाने परत मिळाला.

तह करूच नये असे आमचे म्हणणे नाही. लढा चालवणाऱ्याला बोलणी करावीच लागतात. पण दरवाजावर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाचा हिशेब त्या बोलण्यांत धरला पाहिजे. गाविलगडावर तो धरला गेला नाही. म्हणून गड कशाने पडला याचे उत्तर देताना बेनीसिंगाच्या शौर्यात उणे काढू नये. उणे होते ते वर, धन्यांच्या दरबारात.

शत्रूने मात्र त्या गडाची किंमत ओळखली होती. १८५८ मध्ये तात्या टोपे दक्षिणेकडे येतो आहे असे दिसताच, गड त्याच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी तटबंदी पाडून टाकली. बेनीसिंगाला जाऊन तेव्हा पंचावन्न वर्षे झाली होती.