पाचगणीचे पठार जगाच्या यादीत जाताना (लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण शिवरायांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीपर्यंतचा प्रवास पाहिला. जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत त्यांचे नाव पुकारले गेले आणि महाराष्ट्रभर पेढे वाटले गेले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबरात, भारत सरकारने युनेस्कोकडच्या आपल्या संभाव्य यादीत सात नैसर्गिक स्थळांची भर घातली. तिरुमलाचे डोंगर, विशाखापट्टणमजवळच्या लाल मातीच्या टेकड्या, मेघालयातल्या गुहा, केरळचा वर्कला कडा अशी ती नावे. त्यांतच आपले पाचगणी आणि महाबळेश्वर आहे. या बातमीचा गाजावाजा फारसा झाला नाही. मला मात्र ती किल्ल्यांइतकीच मोलाची वाटते, कारण त्यांतले बहुतेक किल्ले ज्या कातळावर उभे आहेत त्या कातळाचीच ही गोष्ट आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली आणि लाव्हा वाहू लागला. थरावर थर साचत गेले आणि सह्याद्रीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कड्यांचा बेसॉल्ट तयार झाला. आजही या कातळाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापला आहे. डायनासोरांच्या अंताला हे उद्रेक कितपत कारणीभूत होते, हा जगभरच्या भूवैज्ञानिकांचा अजून न मिटलेला वाद आहे. त्यासाठी त्यांना हे थर क्रमाने, उघडे पाहता यावे लागतात, आणि ते पाहायला ते महाबळेश्वरच्या घाटांत येतात. दख्खनच्या लाव्हाथरांची जी क्रमवारी जगात वापरली जाते, तिच्यात जव्हार, इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी नावे आहेत. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना आपण यातले वरचे तीन थर ओलांडतो. एसटीच्या खिडकीतून दिसणारा तो काळा कडा अभ्यासकांसाठी पृथ्वीच्या इतिहासाचे मूळ दप्तर आहे.

पण एखादी जागा मोलाची आहे एवढ्यावर ती यादीत जात नाही. ती न्यावी लागते, आणि नेण्याचा अधिकार फक्त सरकारला आहे. १९७२ च्या जागतिक वारसा करारावर भारताने १९७७ मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली. त्या करारानुसार एखादी संस्था, विद्यापीठ, ग्रामपंचायत किंवा राज्य सरकारसुद्धा थेट अर्ज करू शकत नाही. तो केंद्र सरकारमार्फतच जातो. आधी संभाव्य यादी. तिथे किमान एक वर्ष नाव असल्याशिवाय प्रस्ताव दाखल होत नाही. मग जाडजूड दस्तऐवज: या जागेचे मोल साऱ्या जगासाठी कसे आहे, अशाच इतर जागांच्या तुलनेत ती कुठे बसते, तिच्या सीमा कोणत्या, भोवतीचा संरक्षक पट्टा किती, राखणार कोण आणि कोणत्या कायद्याने. नैसर्गिक स्थळांची तपासणी आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना करते. तिचे तज्ज्ञ जागेवर येतात. प्रस्ताव दाखल झाल्यापासून निकालापर्यंत साधारण दीड वर्ष जाते आणि अंतिम निर्णय २१ देशांची समिती घेते. एका देशाला वर्षाला एकच प्रस्ताव पुढे नेता येतो, त्यामुळे देशातल्या देशातही रांग मोठी असते.

हे सगळे कागदावर शिस्तीचे दिसते. प्रत्यक्षात काय होते ते पाहायला पश्चिम घाटाचे उदाहरण पुरेसे आहे. आपल्याकडच्या नामांकनांतले हे सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण. केरळ, कर्नाटक, तामिळनाडू आणि महाराष्ट्र या चार राज्यांतली मिळून ३९ ठिकाणे, एकाच प्रस्तावात. महाराष्ट्राची त्यात चार: कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. गोव्याचे एकही नाही. सीमा आखताना अभयारण्ये, राष्ट्रीय उद्याने, राखीव वने असे आधीच सरकारी संरक्षण असलेले तुकडे निवडले गेले. त्यामुळे घाट सलग असला तरी वारसा तुटक आहे.

२०११ मध्ये समितीने हा प्रस्ताव परत पाठवला. कर्नाटक सरकारने आपल्या दहा ठिकाणांना उघड विरोध केला. विकासकामे अडतील ही भीती त्यामागे होती. आदिवासींच्या संघटनांची तक्रार वेगळी आणि माझ्या मते अधिक रास्त होती: आमच्या पिढ्या या जंगलात गेल्या, पण आम्हाला कोणी विचारले नाही. त्याच सुमारास पश्चिम घाटाच्या पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ यांच्या समितीचा अहवालही सरकारकडे पोचला होता. २०१२ मध्ये आययूसीएनने पुन्हा सांगितले, प्रस्ताव पुढे ढकला, गाडगीळ समितीच्या शिफारशींचा विचार करून सीमा आणि व्यवस्थापन पुन्हा मांडा. सेंट पीटर्सबर्गच्या बैठकीत समितीने हा सल्ला बाजूला ठेवला आणि पश्चिम घाट यादीत आला. जैवविविधतेच्या निकषावर त्याचा हक्क निर्विवाद होता. पण विचारण्याचे, समजावण्याचे, सीमा जुळवण्याचे काम अर्धे राहिले, आणि ते राहिलेले काम आपण आजही भोगतो आहोत. पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला. त्यात महाराष्ट्राचे सतरा हजारांहून अधिक चौरस किलोमीटर आहेत. मसुद्यांमागून मसुदे निघतात आणि गावोगावी अफवा तेवढ्या पोचतात.

कासचे पुढे काय झाले ते सातारकरांना सांगायला नको. यादीत नाव लागले आणि श्रावण-भाद्रपदात गाड्यांची रीघ लागली. तेरडा, सोनकी, सीतेची आसवे, गेंद यांचे गालिचे जेमतेम काही इंच मातीवर उगवतात. एक पाऊल पडले की कोंब गेला. वन विभाग आणि आसपासच्या गावांच्या समितीने रोजच्या पर्यटकांची मर्यादा ठरवली, ऑनलाइन नोंदणी आणली, कुंपण घातले. मग गुरे चरायची थांबली की गवत माजते आणि फुलांची जागा जाते, असे अनुभवी लोक सांगू लागले. अखेर ते कुंपण काढले गेले. पठार राखायचे कसे, हे शेवटी तिथे गुरे चारणाऱ्यांनाही विचारावे लागले. नामांकनाआधी विचारले असते तर ती वर्षे वाचली असती.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. यादीत नाव लागल्याने युनेस्को जमिनीची मालक होत नाही आणि कोणावर खटलाही भरत नाही. राखण होते ती आपल्याच वन्यजीव, वन आणि पर्यावरण कायद्यांनी. ओमानने आपल्या अरबी ओरिक्स हरणांच्या अभयारण्याचे क्षेत्र ९० टक्क्यांनी घटवले. समितीला एवढेच करता आले की २००७ मध्ये ते नाव यादीतून काढले. यादीच्या इतिहासातले ते पहिले खोडलेले नाव. उलट आसामचे मानस बघा. अशांततेत आणि चोरट्या शिकारीत तिथले गेंडे संपत गेले, १९९२ मध्ये मानस धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेले. जगाची नजर राहिली, आसामने आणि तिथल्या बोडो तरुणांनी कंबर कसली, गेंडे पुन्हा आणून सोडले आणि २०११ मध्ये मानस त्या यादीतून बाहेर आले. दोन्हीकडे करार एकच होता. फरक घरच्या माणसांच्या निश्चयाचा होता.

आता पुन्हा पाचगणी-महाबळेश्वरकडे. हा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि शेजारचे कोयना आधीच जागतिक वारसा आहे. म्हणजे पाया तयार आहे. पण कोयनेच्या जलाशयाभोवती जावळी, पाटण आणि सातारा तालुक्यांतली दोनशेहून अधिक गावे घेऊन ‘नवीन महाबळेश्वर’ गिरिस्थान उभारण्याची राज्य सरकारची योजनाही त्याच टापूत पुढे सरकते आहे. एकीकडे कातळ जगाला दाखवायचा आणि दुसरीकडे त्याच कातळात रस्ते कापायचे, या दोन गोष्टी एका नकाशावर ठेवून कोणीतरी उत्तर द्यायला हवे. प्रस्तावात सीमा आणि संरक्षक पट्टा दाखवावाच लागेल, तेव्हा उत्तर टाळता येणार नाही.

संभाव्य यादी ही सुरुवात आहे. प्रस्ताव दाखल व्हायला वेळ आहे. वारसा समितीच्या कार्यपद्धतीतच म्हटले आहे की मूलनिवासींची पूर्वसंमती घेताना प्रस्ताव योग्य त्या भाषांत लोकांसमोर ठेवावा आणि जनसुनावण्या घ्याव्यात. जावळीच्या खोऱ्यातल्या, महाबळेश्वरच्या पठारावरच्या ग्रामसभांनाही हाच न्याय मिळायला हवा. म्हणून तिथल्या वाचकांना विनंती आहे: येत्या ग्रामसभेत ठराव करा. प्रस्तावाचा मसुदा आणि सीमेचा नकाशा आम्हाला मराठीत, गट क्रमांकांसह, दाखल होण्याआधी दाखवा, अशी लेखी मागणी जिल्हाधिकारी आणि वन विभागाकडे नोंदवा, आणि तिची पोच घ्यायला विसरू नका.