चेकवरचे नाव

अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्यात पॉइन्सेट नावाची कौंटी आहे. आकाराने आपल्याकडच्या मोठ्या तालुक्याएवढी. आज मुख्यतः भात आणि सोयाबीनची. तिथे, किंवा तिथल्या कुठल्याही कौंटीत, कुणाला किती सरकारी शेती-अनुदान मिळाले हे नावानिशी पाहता येते. ‘एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप’ या संस्थेने माहितीच्या कायद्याखाली कृषिखात्याकडून आकडे मिळवले आणि २००१ साली इंटरनेटवर टाकले. लोक या याद्या शेजाऱ्याच्या ताटात डोकावल्यासारख्या वाचतात, रकमेवर नजर ठेवून. मी त्यांत गुंतलो तो नावांच्या रकान्यामुळे. चेक ज्याच्या नावाने निघतो तोच शेतकरी, असे कुणी ठरवले?

उत्तरासाठी १९३३ सालापर्यंत मागे जावे लागते. कापसाचे भाव कोसळले होते, म्हणून रूझवेल्ट सरकारने सुमारे एक कोटी एकरांवरचे उभे पीक पैसे देऊन नांगरून टाकायला लावले. पुढच्या दोन वर्षांसाठी करार झाला: पेरा कमी करा, पौंडामागे साडेचार सेंट घ्या. त्यातले चार सेंट जमीनमालकाचे. अर्धलीने राबणाऱ्या वाटेकऱ्याला अर्धा सेंट, तोही मालकाच्या हातून. वाटेकरी काढून त्यालाच रोजंदारीवर ठेवले, तर तो अर्धा सेंटही मालकाकडेच राहणार! ‘शक्य तितपत’ कुळांची संख्या कायम ठेवावी, असे एक कलम करारात होते. ‘शक्य तितपत’ म्हणजे किती, हे पाहणार कौंटीची समिती. आणि समितीत बसणार बडे बागायतदार.

पॉइन्सेट कौंटीतल्या टायरॉन्झा गावाजवळच्या एका मळ्यातून अशीच कुटुंबे बाहेर काढली गेली. जुलै १९३४मध्ये तिथे अकरा गोरे आणि सात काळे एकत्र बसले आणि ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ उभी राहिली. त्या काळच्या दक्षिणेत दोन वर्णांचे कष्टकरी एका संघटनेत येणे म्हणजे जिवाशी खेळ होता. वॉशिंग्टनमध्ये कृषिखात्याच्या काही वकिलांनी त्या कलमाचा अर्थ ‘तीच माणसे ठेवली पाहिजेत’ असा लावला. फेब्रुवारी १९३५मध्ये जेरोम फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांची नोकरी गेली. अर्थ लावण्याची एवढी किंमत!

आजचे नियम कागदावर बरेच न्याय्य आहेत. जमीन रोख खंडाने दिली असेल तर पैसे कसणाऱ्याला. वाट्याने दिली असेल तर दोघांना हिश्शाप्रमाणे. पण खंड ठरवणारा मालकही अनुदानाचा हिशेब जाणतो. अर्थशास्त्रज्ञ बॅरेट किरवान यांनी २००९ साली दाखवले, की डॉलरमागे सुमारे पंचवीस सेंट वाढीव खंडाच्या रूपाने मालकाकडे जातात. यादीत मात्र पूर्ण डॉलर कसणाऱ्याच्या नावावर दिसतो.

उलटही घडते. २०१४च्या कायद्याने मुख्य योजनांसाठी दरमाणशी वर्षाला १,२५,००० डॉलरची मर्यादा घातली. २०२५ साली ती १,५५,००० झाली. पण भागीदारीत प्रत्येक पात्र भागीदाराची मर्यादा वेगळी मोजतात, आणि शेतात न उतरता केलेले व्यवस्थापनही सहभाग ठरू शकते. कौटुंबिक शेतीला या बाबतीत विशेष सवलत. २०१८च्या कायद्याने त्या कुटुंबात पुतणे, भाचे आणि चुलत-मामे-आते-मावस भावंडेही आणून बसवली. आपल्या एकत्र कुटुंबालाही इतका ऐसपैस वाडा लाभला नसेल. एकच शेत, एकच ट्रॅक्टर, आणि यादीत नावे आठ.

म्हणून सर्वांत मोठी रक्कम पाहून कुणी चोर ठरत नाही, की लहान रक्कम पाहून गरीब ठरत नाही. नाव कोणत्या जमिनीला जोडलेले आहे, ती कुणाची, कसतो कोण, हे कळल्याशिवाय त्या रकान्याचा अर्थ लागत नाही. आणि नेमके तेच दार २००८ साली लावले गेले. त्या वर्षीच्या शेती कायद्याच्या १६१९व्या कलमानुसार कृषिखाते घेणाऱ्याचे नाव आणि रक्कम सांगू शकते. त्याच्या शेताचा नकाशा आणि त्याने शेतीबद्दल खात्याला दिलेला तपशील बाहेर देता येत नाही. शेतमजुराचे नाव तर या हिशेबात कुठेच लिहिले जात नाही.